‘बोध काय?’ एवढंच विचारू नका
वर्गात गोष्ट शिकवून ‘यातून काय बोध मिळतो’ विचारलं की पोरं गाईडातलं वाक्य फेकतात, लोभ वाईट असतो सर, संपला विषय. त्यापेक्षा एकच प्रसंग धरा. आपल्या कोल्हापूरच्या खांडेकरांची १९५९ ची ‘ययाति’ कादंबरी घ्या, बाप ययाति आपल्या पोराचं, पुरूचं तारुण्य मागतो तेवढं सांगा आणि विचारा, तुमच्या घरात कोण कुणासाठी काय सोडतंय? दहा मिनिटं वहीत लिहू द्या, मोठ्यानं वाचायची सक्ती अजिबात नको. आमच्या वर्गात एकीनं लिहिलं, २०१९ ला पंचगंगेचं पाणी घरात आलं तेव्हा आईनं आधी माझं दप्तर माळ्यावर टाकलं, तिची शिलाई मशीन खालीच राहिली. मग परत पुस्तकाकडं वळा, पुरूला काय वाटलं असंल? आणि कोण गप्प बसलं तर बसू दे की ओ, खणत बसू नका.