क्रॉसमॅचआधी रक्त द्यावे लागले तर

रक्तस्राव थांबत नाही, रक्तगट ठाऊक नाही आणि पूर्ण क्रॉसमॅचला (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, या चाचणीला) साधारण पाऊण तास लागणार. अशा वेळी ओ गटाच्या तांबड्या पेशी क्रॉसमॅचविना द्याव्याच लागतात. पूर्वी रक्त घेतलेल्या किंवा बाळंतपणे झालेल्या रुग्णांत इतर प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) असू शकतात, पण हा धोका तुलनेने कमी. जीव घेते ती पिशव्यांची अदलाबदल.

म्हणून पहिली पिशवी लावण्याआधी नमुना घ्या. ओ रक्त मिसळल्यावर रुग्णाचा खरा गट ओळखणे अवघड होते. नळीवर नाव आणि नोंदणी क्रमांक खाटेपाशीच, मनगटाची पट्टी वाचून लिहा. आधी लिहून ठेवलेली नळी वापरू नका. एका अपघातातले दोन बेशुद्ध रुग्ण ‘अज्ञात पुरुष’ या एकाच नावाने दाखल होतात. तिथे फक्त क्रमांकावर भरवसा.

मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ओ निगेटिव्ह द्या. पुरुषांना व त्याहून वयस्कर स्त्रियांना ओ पॉझिटिव्ह चालते. निगेटिव्ह आपल्याकडे मुळातच दुर्मिळ, ते उगाच संपवू नये. प्लाझ्माचे, म्हणजे रक्तातल्या द्रव भागाचे, गणित उलटे: गट कळेपर्यंत एबी.

गट कळला की त्याच गटाचे रक्त सुरू करा, शक्य तर दुसऱ्यांदा वेगळा नमुना घेऊन खात्री करून. अहवाल ‘ओ’ आला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ गट नेहमीच्या पेशी-तपासणीत ओ दिसतो, पण त्याला ओ रक्तही चालत नाही. सीरमची (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाची) तपासणी ओ पेशींसह केली तरच तो पकडला जातो.

रक्त चढवण्याच्या नळीतून रक्तासोबत फक्त नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने गुठळी होऊ शकते.

चुकीचे रक्त लागले तरी बेशुद्ध रुग्ण कंबर दुखते, थंडी वाजते असे सांगणार नाही. रक्तदाब अचानक घसरणे, सुया टोचलेल्या जागांतून रक्त झिरपणे, लघवी तांबूस-काळपट होणे, हे सगळे जखमेच्या माथी मारले जाते आणि आणखी एक पिशवी लागते! शंका येताच रक्त बंद करा, सेट बदलून सलाईन चालू ठेवा, पट्टी आणि पिशवी पुन्हा ताडून पाहा. पिशवी सेटसकट, नवा नमुना आणि लघवी रक्तपेढीत पाठवा. तिथे लगेच फोनही करा, कारण अदलाबदल झाली असेल तर दुसरी चुकीची पिशवी याच क्षणी कुणाला तरी लागलेली असेल.