रिमोट डेस्कटॉप दर ६० मिनिटांनी बंद पडत होता: माझा अनुभव

रिमोट डेस्कटॉप म्हणजे आपल्या मशीनवरून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करणं. लक्षण असं: विंडोज सर्व्हर २०१९, डोमेन (सगळी खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर) नाही, नुसता वर्कग्रुप (प्रत्येक मशीनची खाती स्वतंत्र). लॉगिन झालं की लायसन्समध्ये अडचण असल्याचा संदेश यायचा आणि बरोबर ६० मिनिटांनी सेशन तुटायचं. लायसन्सशिवाय चालण्याची १२० दिवसांची सवलतीची मुदत संपेपर्यंत सगळं सुरळीत होतं.

सर्व्हर रीस्टार्ट केला, लायसन्सिंग रोल (सर्व्हरचा लायसन्स वाटणारा भाग) काढून पुन्हा टाकला, फायरवॉल तपासली. दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली. चूक माझीच होती: लायसन्स 'पर युजर' (प्रत्येक वापरकर्त्यामागे एक) घेतली होती. त्यांचा हिशेब अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) ठेवला जातो आणि वर्कग्रुपमध्ये ती नसतेच.

आधी आरडी (रिमोट डेस्कटॉप) लायसन्सिंग मॅनेजरमध्ये लायसन्सच्या पॅकवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट लायसन्सेस'मधून ती 'पर डिव्हाइस' (प्रत्येक मशीनमागे एक) केली. मग ग्रुप पॉलिसी एडिटर उघडून कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, लायसन्सिंग इथवर गेलो. तिथे दोनच सेटिंग्ज बदलली: लायसन्स सर्व्हरचं नाव भरलं, मोड 'पर डिव्हाइस' ठेवला. (नुसता मोड बदलून लायसन्स तशीच ठेवली तर उपयोग नाही, तेही करून झालं.) सर्व्हर रीस्टार्ट. शेवटी आरडी लायसन्सिंग डायग्नोझर (लायसन्सच्या अडचणी दाखवणारं टूल) उघडला, एकही इशारा नाही.

पहिल्या लॉगिनला प्रत्येक मशीनला तात्पुरतं लायसन्स मिळतं, कायमचं दुसऱ्या लॉगिनला. लायसन्सिंग मॅनेजरच्या यादीत 'टेम्पररी' दिसलं म्हणून घाबरू नका.