सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक पुन्हा पुन्हा तुटतात? या चुका टाळा

मुंबईत पाववाल्याचं, दूधवाल्याचं सगळं ओझं मागच्या कॅरिअरवर, त्यात खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक. स्पोक तुटतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकाचाच, आणि तोही हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकाशी, जिथे तो वळलेला असतो तिथे. एका दणक्याने क्वचितच तुटतो. सैल पडलेला स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ढिला पडतो, ताणला जातो, आणि शेवटी त्या वळणावर तडकतो. म्हणून तुटलेल्याच्या जागी नवा टाकून सायकल लगेच रस्त्यावर काढू नका. आधी एका बाजूच्या दोन-दोन स्पोकच्या जोड्या चिमटीत दाबत पूर्ण चाक फिरवा. जिथे हाताला ढिलं लागेल, पुढचा स्पोक तिथलाच जाणार.

लांबी अंदाजाने घेऊ नका. काळबादेवीच्या सायकल बाजारात जाताना जुन्या स्पोकचे दोन्ही तुकडे सोबत न्या. माप वळणाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत घ्यायचं. लांब स्पोकचं टोक निपलमधून (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटमधून) वर येऊन ट्यूब फोडतं. आखूड स्पोक निपलमध्ये जेमतेम दोन-चार आटे धरतो, मग ताण आला की निपलच तुटतं. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाला उजव्या-डाव्या बाजूची मापं बहुधा वेगळी असतात, तेव्हा बाजूही सांगा.

फ्रीव्हीलच्या (चेन बसते त्या दातेरी चक्राच्या) बाजूचा स्पोक असेल तर फ्रीव्हील काढाच. न काढता वाकवून घुसवलेला स्पोक कधीच नीट ताण घेत नाही. विणताना त्याच बाजूचा एक सोडून पुढचा स्पोक बघा आणि तो जसा वर-खाली गेलाय तसाच नवा घाला.

आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसात निपल गंजून धरतात. पक्कडीने जोर लावला की कोपरे झिजतात आणि मग निपल फिरवायची चावी बसतच नाही. स्पोक निपलमध्ये शिरतो तिथे आणि निपल रिममध्ये बसतं तिथे तेलाचा थेंब टाका, रात्रभर राहू द्या, मग मापाची चावी लावा. ब्रेक लागतो त्या जागी रिम पुसून घ्या.

आऊट, म्हणजे चाकाचा डावी-उजवीकडचा वाकडेपणा, काढताना सर्वात जास्त घोळ फिरवण्याच्या दिशेचा होतो. टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने निपल कसतं. हबकडून बघताना तेच उलटं दिसतं. रिम उजवीकडे जात असेल तर तिथले डावे स्पोक पाव फेरा कसा, उजवे पाव फेरा सैल करा. नुसतं कसत गेलात तर चाक अंडाकृती होतं. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका. मग जोड्या हाताने दाबा: पिळलेले स्पोक टिकटिक करत मोकळे होतात आणि चाक पुन्हा थोडं हलतं, ते परत काढा. साध्या सायकलीला 1 मिमी आऊट चालतो.

स्पोक सैल केल्यावरही रिम वाकडीच राहत असेल तर रिम बदला. आणि थोड्या काळात एकाच बाजूचा तिसरा स्पोक तुटला, तर त्या बाजूचे सगळेच नवे घाला.