शिंपल्यांतील सेलेनियमयुक्त प्रथिन हृदयपेशींना वाचवते का, हे कसे तपासावे

पेशी वाचल्या तर त्याचे श्रेय प्रथिनाचे की त्यातील सेलेनियमचे, हे वेगळे काढता आले पाहिजे. प्रयोगाची सारी आखणी याच प्रश्नाभोवती करावी. त्यासाठी सेलेनियम दिलेल्या शैवालावर वाढवलेल्या तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांबरोबर साध्या शैवालावर वाढवलेल्या त्याच जातीच्या तिसऱ्याही घ्याव्यात आणि दोन्हींचे प्रथिन एकाच पद्धतीने काढावे. प्रथिनात मिसळून आलेले असेंद्रिय सेलेनियम डायलिसिसने काढून टाकावे आणि उरलेले सेलेनियम मूलद्रव्यांचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर मोजावे. शिंपले पाणी गाळून खातात, म्हणून कॅडमियम, पारा आणि आर्सेनिकही मोजणे आवश्यक आहे. खाल्लेले प्रथिन हृदयापर्यंत अखंड पोहोचत नसल्याने ते आधी पेप्सिनने व मग पॅनक्रिएटिनने, म्हणजे पचनाच्या विकरांनी (एन्झाइमांनी), पचवावे आणि ही विकरे तापवून निष्क्रिय करावीत.

अनेक प्रयोगशाळांत यासाठी एच९सी२ पेशी वापरतात. त्या रॅटच्या गर्भहृदयापासून मिळवलेल्या असून धडधडत नाहीत, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नये.

खरी गोम संवर्धन माध्यमात, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात आहे. माध्यमात सेलेनियम येते ते मुख्यतः त्यात मिसळलेल्या सीरममधून (रक्तद्रवातून), आणि तेही तुटपुंजे. त्यामुळे अशा पेशींतले ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज (जीपीएक्स) हे पेरॉक्साइड निष्प्रभ करणारे सेलेनियमयुक्त विकर मुळातच मंद असते आणि कोणत्याही रूपात सेलेनियम घातले की ते वाढते. चीनच्या हेइलोंगजियांग प्रांतात 1935 मध्ये नोंदवलेला केशान हा हृदयस्नायूचा विकार सेलेनियमच्या कमतरतेशी निगडित होता. पण कमतरता भरून काढणे वेगळे आणि पुरेसे असताना अधिक देऊन लाभ होणे वेगळे. म्हणून पेशींचा एक संच 100 नॅनोमोलरच्या आसपास सोडियम सेलेनाइट हा सेलेनियमचा क्षार देऊन आधीच तृप्त करावा, दुसरा तसाच ठेवावा आणि दोन्हींवर सेलेनियमयुक्त प्रथिन, साधे प्रथिन तसेच समान सेलेनियम असलेले सेलेनोमेथिओनिन हे अमिनो आम्ल स्वतंत्रपणे तपासावे. केवळ पचनासाठी वापरलेल्या विकरांचे मिश्रण दिलेला गटही हवाच.

प्रथिन दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी ते माध्यम काढून पेशी धुवाव्यात आणि मगच पेशींना इजा करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे. दोन्ही एकत्र घातल्यास प्रथिन पेरॉक्साइडला पेशीबाहेरच निष्प्रभ करू शकते, आणि मग ते पेशीचे संरक्षण म्हणता येत नाही. सुमारे निम्म्या पेशी मरतील अशी पेरॉक्साइडची मात्रा आपल्याच पेशींवर ठरवावी. दुसऱ्याच्या निबंधातला आकडा उचलू नये.

जगलेल्या पेशी मोजताना जिवंत पेशींत रंग बदलणाऱ्या एमटीटी या एकट्या रंजकाच्या चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण प्रथिनातील थायोल गट त्या रंजकाचे क्षपण स्वतःच करू शकतात. सोबत फुटलेल्या पेशींतून बाहेर येणाऱ्या एलडीएच या विकराची गळती पाहावी. मेदाच्या ऑक्सिडीकरणासाठी त्यातून तयार होणारे मॅलॉनडायअल्डिहाइड मोजावे.

शेवटी एसआयआरएनए या जनुकाचे काम दाबणाऱ्या छोट्या आरएनएने ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचे जीपीएक्स1 जनुक मंद करून हाच प्रयोग पुन्हा करावा. संरक्षण तरीही तेवढेच राहिले, तर त्याचे श्रेय या विकराला देता येणार नाही.