रॉ डिस्कवरचा प्रॉक्सी कॅशे चालत नसेल तर

प्रॉक्सी चालू आहे, पानं उघडतायत, पण कॅशे हिट शून्य, म्हणजे साठवलेल्या पानांतून एकही दिलं जात नाही. अपाची ट्रॅफिक सर्व्हर या प्रॉक्सी सॉफ्टवेअरला रॉ डिस्क (फाइल सिस्टिम नसलेली अख्खी डिस्क) दिली की ही तक्रार हमखास येते आणि ती फसवी असते. डिस्क उघडता आली नाही तरी सर्व्हर बंद पडत नाही, मुकाट्याने सगळं बाहेरून आणून देतो. गणपतीत चाकरमानी गावी येऊन लाइन तुंबेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. डिस्क गेली असं धरून नवी मागवू नका, आधी सर्व्हरच्या तक्रारींची नोंद ठेवणारी डायग्ज.लॉग फाइल उघडा.

तिथे ‘परमिशन डिनाइड’ असेल तर दोष डिस्कचा नाही, परवानगीचा आहे. ट्रॅफिक सर्व्हर रूट म्हणून नव्हे, स्वतःच्या वेगळ्या युजरने काम करतो आणि त्या युजरला डिस्कवर वाचायची-लिहायची दोन्ही मुभा लागते. नुसतं सीएचओन (फाइलचा मालक बदलणारी कमांड) करून भागत नाही. डिव्हाइसची फाइल रीबूटला नव्याने तयार होते, आणि पावसाळ्यात वीज गेली की रीबूट ठरलेलाच. म्हणून यूडेव्हचा (लिनक्समध्ये डिव्हाइसच्या फाइली सांभाळणारी यंत्रणा) नियम लिहा: डिस्क सिरियल नंबरने ओळखा, ग्रुप ट्रॅफिक सर्व्हरचा द्या. ग्रुप देताना बरोबरच्या चिन्हाआधी कोलन टाका (:=), म्हणजे पुढचा नियम तो बदलू शकत नाही.

कॅशेच्या डिस्कची यादी असलेल्या स्टोरेज.कॉन्फिग फाइलमध्ये एसडीबी, एसडीसी अशी डिस्कची नावं लिहू नका. रीबूटनंतर ती आपसांत बदलू शकतात, आणि एसडीबी या नावाने उद्या बॅकअपची डिस्क आली तर कॅशे तिच्यावरच लिहू लागेल. डिस्कला सिरियल नंबरवरून नाव देणाऱ्या बाय-आयडी फोल्डरमधला पूर्ण पाथ द्या. रॉ डिस्कपुढे आकार लिहायची गरज नाही, फोल्डर दिला तरच तो लागतो. डिस्कवर फाइल सिस्टिम बनवायची नाही, माउंट करायची नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना माउंट करायच्या डिस्कची यादी) तिची जुनी ओळ उरली असेल तर काढून टाका.

सुरू होता होता प्रोसेस मरत असेल तर रॅम मोजा. सरासरी ऑब्जेक्ट 8000 बाइट धरला जातो आणि प्रत्येक नोंदीला 10 बाइट लागतात. म्हणजे 500 जीबी डिस्कची डिरेक्टरी (साठ्याची अनुक्रमणिका) सुमारे 625 एमबी रॅम खाते, रॅम कॅशे वेगळा. ऑब्जेक्टचा आकार वाढवला की रॅम वाचते, पण आधीचा साठा रिकामा होतो.

वाचता-लिहिताना एरर येत असतील तर डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल कमांड चालवा. इथे किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी आहे. खाऱ्या हवेने साटा कनेक्टरच्या पिनांवर गंज धरतो, मग 199 क्रमांकाचा सीआरसी एरर काउंट (केबलमधून जाताना डेटात झालेल्या चुका) वाढत जातो. हा आकडा कधी शून्यावर येत नाही. आज लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. वाढला असेल तर मशीन बंद करून केबल बदला, डिस्कच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो. मशीनचा हवा ओढणारा पंखा समुद्राकडच्या खिडकीसमोर नको.

स्मार्टसीटीएलमधला 5 (बदललेले खराब सेक्टर) किंवा 197 (नीट न वाचले जाणारे सेक्टर) क्रमांकाचा आकडा चढत असेल तर मात्र डिस्कच बदलायची. मूळ सेटिंगमध्ये 5 एरर झाले की सर्व्हर ती डिस्क आपणहून वगळतो. त्याआधी ट्रॅफिक-सीटीएलच्या स्टोरेज ऑफलाइन कमांडने तुम्हीच बाजूला काढलेली बरी.

डिस्क, परमिशन सगळं नीट आणि तरी हिट नाहीत? मग ट्रॅफिक एचटीटीपीएस आहे का ते पाहा. फॉरवर्ड प्रॉक्सीतून ते बोगद्यासारखं आरपार जातं, साठवण्याजोगं काही हाती लागत नाही.

अचानक वीज गेल्यावर एफएससीके (फाइल सिस्टिमची तपासणी) करायचं नसतं. डिरेक्टरी साधारण दर 60 सेकंदांनी डिस्कवर उतरत असते, फार तर शेवटचा थोडा माल जातो. कॅशे खरोखरच बिघडला असेल तर सर्व्हिस थांबवून क्लिअर कमांड द्या. यादीतल्या सगळ्या डिस्क रिकाम्या होतात हे लक्षात ठेवा. नव्या डिस्कचा सिरियल नंबर वेगळा असतो, तेव्हा स्टोरेज.कॉन्फिग आणि यूडेव्हचा नियम दोन्ही बदला, मगच सर्व्हिस सुरू करा.