मेंढ्यांची आईकडची वंशरेषा कशी शोधावी

या कामातला सगळ्यात अवघड भाग प्रयोगशाळेत नाही, कळपात आहे. मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियातला डीएनए, कोकराला फक्त आईकडून मिळतो. म्हणजे मेंढी, तिच्या लेकी, लेकींच्या लेकी, सगळ्यांचा एकच. एकाच गोतातून दहा नमुने घेतलेत, तर तुम्ही एकाच मादीला दहा वेळा मोजलंत. म्हणून सुई काढायच्या आधी मी मेंढपाळाजवळ बसते आणि एकेकीकडे बोट दाखवून विचारते, "हिची आई कोण? इथलीच, की विकत आणलेली?" नोंदवही नसली तरी बहुतेकांना हे तोंडपाठ असतं. एका कळपातून दोन-तीन मेंढ्या पुरेत. कळप मात्र जितके जास्त आणि लांबलांबचे, तितकं बरं. मेंढ्याचं, म्हणजे नराचं, रक्तही चालतं, कारण त्याच्यातही त्याच्या आईचाच हा डीएनए असतो.

रक्त मानेच्या शिरेतून, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्या. हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते नको; ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची क्रिया, अडवतं.

वाचायचा तो कंट्रोल रीजन, म्हणजे या डीएनएतला प्रथिनं न बनवणारा भाग. १६,६१६ अक्षरांच्या वर्तुळातला सुमारे १,१८० अक्षरांचा हा तुकडा सगळ्यात झपाट्याने बदलतो. यात ७५ अक्षरांचा एक भाग एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येतो, बहुतेक मेंढ्यांत चार वेळा, काहींत कमी-जास्त. इथे दोन्ही बाजूंनी सिक्वेन्स करा, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचा. आणि जुळवणी करताना एक प्रत जास्त निघाली, तर सॉफ्टवेअर ते ७५ फरक म्हणून मोजत नाही ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. तो एकच बदल आहे. एवढ्याने अख्खी जात भलतीच वैविध्यपूर्ण दिसू शकते.

सिक्वेन्सच्या आलेखात (एका अक्षराला एक शिखर) जागोजागी एकावर एक दोन शिखरं दिसली, तर मायटोकाँड्रियल डीएनएची पेशीच्या केंद्रकात, न्यूक्लियसमध्ये, शिरलेली जुनी प्रत वाचली गेल्याचा संशय घ्या. मायटोकाँड्रियल डीएनएमधलं सायटोक्रोम बी जनुक वाचून बघा. मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे 'प्रथिन इथे संपलं' अशी खूण, आला, तर तो नमुना बाजूला ठेवा.

मग गट लावा. पाळीव मेंढ्यांत ए ते ई असे पाच हॅप्लोग्रुप, म्हणजे जवळच्या मातृरेषांचे गट, माहीत आहेत. युरोपात बहुतांश बी, आशियात ए भरपूर. सी त्याहून कमी, डी आणि ई फारच विरळ. मेंढी माणसाळली साधारण ११,००० वर्षांपूर्वी, पण हे गट त्याच्याही कितीतरी आधी वेगळे झालेले. म्हणजे रानटी मेंढ्यांच्या अनेक मातृरेषा माणसाच्या कळपात आल्या. त्यामुळे गट म्हणजे जात नव्हे. एकाच जातीत ए आणि बी दोन्ही मिळाले, तर लगेच 'संकर' लिहू नका.

हॅप्लोटाइप वैविध्य, म्हणजे कुठल्याही दोन नमुन्यांचा क्रम वेगळा निघण्याची शक्यता, शून्य ते एकमध्ये येतं. आकडा एकाजवळ गेला म्हणून जात सुरक्षित, असं मी कधीच म्हणत नाही. मातृरेषा भरपूर आणि मेंढे मात्र दोनच, अशा कळपात पिढ्यान् पिढ्या नात्यातलीच पैदास चालते आणि मायटोकाँड्रियल डीएनएला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए तपासणाऱ्या चाचण्या, मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी चिप, लावा. बापाच्या बाजूसाठी वाय क्रोमोसोम.

डी किंवा ई सापडला, तर शोधनिबंध लिहिण्याआधी मालकाला कळवा: या मेंढीच्या लेकी विकू नका. तिचे मेंढे कितीही जपले, तरी ही रेषा त्यांच्यामार्फत पुढे जात नाही.