घरच्या घरी गाडीला मशीन पॉलिश करायचंय? आधी सामान नीट घ्या

पहिल्यांदाच करताय तर रोटरी मशीन (पॅड नुसतं एकाच जागी गोल फिरवणारं) घेऊ नका, स्वस्त मिळतं म्हणून मी घेतलं आणि बॉनेटच्या कडेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उडवून बसलो, पार खालचा प्रायमर दिसायला लागला. ड्युअल ॲक्शन म्हणजे डीए घ्या, ते फिरतं आणि हलतं दोन्ही, त्यामुळे एका जागी फार तापत नाही. बॅकिंग प्लेट (मशीनची चकती, जिच्यावर पॅड चिकटतो) ५ इंची, पॅड साडेपाच इंची, आणि पॅड एकच आणून भागत नाही, निदान ४ तरी लागतात कारण कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट) भरलं की पॅड कापायचंच बंद करतो.

कंपाउंड कडक आणू नका. आधी फिनिशिंग पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन दोन फूट बाय दोन फूट जागेवर ट्राय मारा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा, जाळी, म्हणजे बारीक गोल ओरखडे, गेली तर तेवढंच पुरे.

क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) मात्र हवाच, धुतलेल्या गाडीवर प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा, खरखर लागली की समजा क्ले मारायची गरज आहे. पुसायला ३५० जीएसएमच्या (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) आसपासचे मायक्रोफायबर, जुनी बनियन अजिबात नको! रबर बीडिंगला मास्किंग टेप लावा, पॉलिशचे पांढरे डाग पडले की निघता निघत नाहीत.